जोते, तळघर आणि दाराची वाट

जोते जितके उंच, तितका घरमालकाचा मान मोठा, हा समज बीदर आणि कलबुर्गी या सीमाभागातल्या जिल्ह्यांत फार जुना आहे. भालकी, औराद, आळंद या बाजूच्या जुन्या वाड्यांच्या पायऱ्या त्याच मानाच्या खुणा होत. पण घरातल्या आजीचे गुडघे धरले, की त्याच पायऱ्यांचे दुसरे रूप दिसू लागते. प्रथम देवळाला जाणे सुटते, मग शेजारच्या हळदीकुंकवाला जाणे. दवाखान्यात न्यायचे झाले, तर चौघांनी खुर्चीसकट उचलावे लागते. लोक याला वार्धक्य म्हणतात. वास्तविक त्यातला बराचसा भाग पाच पायऱ्यांचा असतो.

नव्या घराखाली तळघर काढले, की ही अडचण दुणावते. तळघराला उजेड-वारा हवा, म्हणून त्याचे छत जमिनीपासून दोन-तीन फूट वर घेतात. आणि तेच छत म्हणजे वरच्या घराची जमीन. दार आपोआप उंच जाते. मग गवंडी मोटारसायकल चढण्यापुरता सिमेंटचा उतार काढून देतो. चाकाच्या खुर्चीला तो निरुपयोगी, किंबहुना धोक्याचा. एक फूट चढण्यास बारा फूट लांबी, हे सर्वमान्य प्रमाण आहे. तीन फुटांच्या जोत्याला छत्तीस फूट, शिवाय मध्ये विसाव्याची सपाट जागा! लहानशा प्लॉटवर एवढी लांबी आणायची कोठून?

ती जमिनीतच शोधावी लागते. जागा पुष्कळदा एका अंगाला उंच असते. दार त्या अंगाला घ्यावे आणि तळघराच्या खिडक्या सखल अंगाला काढाव्या. जागा सपाट असेल, तर फाटकापासून दारापर्यंतची पायवाटच हळूहळू उंचावत न्यावी. अमेरिकेतील अटलांटा शहरी एलिनॉर स्मिथ यांनी १९८७ साली ‘काँक्रीट चेंज’ ही संस्था काढली. त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवर वावरणाऱ्या. प्रत्येक नव्या घराला निदान एक पायरीविरहित दार असावे, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. ब्रिटनमध्ये इंग्लंड आणि वेल्सपुरता तसा नियम १९९९ साली नव्या घरांना लागू झाला. आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याचा रोख मुख्यतः सार्वजनिक इमारती व सेवा यांवर आहे. खाजगी घराच्या दाराचा निवाडा मालक आणि गवंडी यांच्यातच होतो.

मात्र भराव थेट तळघराच्या भिंतीला टेकवू नये. बीदरचे पठार जांभ्याचे. हा दगड पाणी झिरपू देतो. शहरातल्या बहमनी काळच्या सुरंग बावीची सारी करामत त्याच गुणावर उभी आहे. जे त्या भुयारी कालव्याला उपकारक, ते तळघराला मारक. कलबुर्गीकडची काळी माती तर पावसाळ्यात फुगून भिंतीवरच रेटा देते. म्हणून भराव भिंतीपासून तीन-चार फुटांवर थांबवून त्याला स्वतंत्र आधारभिंत द्यावी, आणि मधल्या मोकळ्या खाचेवर दारापर्यंत स्लॅबचा छोटा पूल टाकावा. खाचेतून तळघराला उजेड मिळतो. तिच्या तळाशी पाण्याला वाट तेवढी ठेवावी लागते. पुलाला दोन्ही बाजूंनी कठडा हवाच.

वाटेवर शहाबादी फरशी घालण्यास हरकत नाही. ती तर कलबुर्गी जिल्ह्यातलीच. पण पॉलिश केलेली नको, पावसात पाय घसरतो. टाकीने खरबरीत केलेली बरी.

उंबरठ्याचा प्रश्न नाजूक आहे. त्याची पूजा होते. तो काढा म्हटले, की घरातली वडील मंडळी नाराज होतात. काढण्याचे कारणही नाही. अर्ध्या इंचापेक्षा उंच नसलेला, कडा उतरत्या केलेला उंबरठा हळदीकुंकवालाही चालतो आणि चाकालाही. पावसाचे पाणी अडवण्याचे काम दाराबाहेरच्या जाळीच्या गटाराने करावे.

राहता राहिला खर्च. तळघर खणताना निघालेला मुरूम पुष्कळ जण भाडे भरून गावाबाहेर टाकून येतात. तोच थराथराने, पाणी मारून धुमसला, तर वाटेचा भराव जागच्या जागी तयार होतो. काळी माती निघाली, तर ती मात्र परसात पसरावी. वाटेखाली घातली, तर पहिल्याच उन्हाळ्यात फरशी वरखाली होते.