पिवळं कार्ड आणि आपला नोटीस बोर्ड



नोकरीनिमित्त कोपनहेगनला गेलो, तेव्हा डॅनिशचा गंध नव्हता. नगरपालिकेत नोंदणी झाली, सीपीआर नंबर मिळाला, मग पिवळं आरोग्य कार्ड घरपोच आलं. त्यावर आमच्या डॉक्टरांचं नाव-पत्ताही छापलेला! पण सरकारी पत्रं येत 'डिजिटल पोस्ट'मध्ये, डॅनिशमधून. एक पत्र किरकोळ समजून सोडलं. ती निघाली सौ.च्या हॉस्पिटल तपासणीची तारीख. हुकली. पुढे शेजारच्या आजी दर रविवारी कॉफीला बोलावून पत्रं समजावून सांगत.

आपल्याकडेही मराठी न वाचता येणारी कुटुंबं आहेत. पाणी बंदची नोटीस त्यांना कोण सांगतं? रौप्यमहोत्सवी वर्षात एवढं करूया, नोटीस लागली की शेजारचं दार वाजवूया.