सिगारेट सुटली, आता पोटाचं काय?



सिगारेट सोडणाऱ्या माणसाचं कौतुक फार तर पंधरा दिवस होतं. घरचे खूश असतात, ऑफिसातले मित्र पाठ थोपटतात. मग दोन-तीन महिन्यांनी एखाद्या लग्नात मावशी भेटते आणि जेवणाच्या रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "अरे वा, तब्येत चांगली सुधारलीय!" त्या क्षणी या माणसाच्या मनात येतं, की ओढत होतो तेव्हाच बरा होतो. मला आज या विचाराबद्दल बोलायचं आहे. पुण्यात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करताना तो मी पुष्कळांच्या तोंडून ऐकला आहे. पुरुष मोकळेपणानं सांगतात. बायका दार लोटून घेतात आणि मग सांगतात, कारण मुळात त्या ओढत होत्या हेच घरी ठाऊक नसतं.

तर पहिली गोष्ट. वजन वाढतं, हे खरं आहे. "छे, तसं काही नसतं" असं सांगून पेशंटची समजूत काढणं मला पटत नाही. काटा त्याच्याही घरी असतो. कुठलंही औषध न घेता सिगारेट सोडणाऱ्यांचं वजन वर्षभरात सरासरी साडेचार ते पाच किलोंनी वाढतं, असं २०१२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडून दाखवलं गेलं. यातली बरीचशी वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होते. पण सरासरीवर फार विसंबू नका. त्याच हिशेबात साधारण सहातल्या एकाचं वजन उलट घटलेलं होतं, आणि थोड्या जणांचं दहा किलोंच्याही वर गेलं होतं.

हे होतं कशामुळे? निकोटिननं नाडी जलद चालते आणि शरीर बसल्या जागी जास्त ऊर्जा खर्च करतं. रोज पाकीटभर ओढणाऱ्याचा हा जादा खर्च दिवसाला दोनशे कॅलरींच्या आसपास जातो, म्हणजे तेल लावलेल्या साधारण दोन पोळ्या. सिगारेट थांबली की तुम्ही एक घासही जास्त न खाता त्या दोन पोळ्या रोज अंगावर शिल्लक पडायला लागतात. दुसरं कारण मेंदूतलं. भूक आवरणाऱ्या काही पेशींना निकोटिन थेट चेतवतं. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली उंदरांमध्ये हा मार्ग शोधून काढला. निकोटिन गेलं की ती दबलेली भूक परत येते. आणि ती एकटी येत नाही, नाकाला वास आणि जिभेला चवही परत येते. इतकी वर्षं नुसतं पोटात ढकललेलं वरण अचानक तुपासकट कळायला लागतं. हे सुख आहे, त्याची लाज वाटायचं काही कारण नाही.

आता थोडं मागे जाऊ. सिगारेट सोडली तर जाडे व्हाल, ही भीती आपोआप पसरलेली नाही, ती विकली गेली आहे. १९२८ च्या सुमाराला अमेरिकेत लकी स्ट्राइक या सिगारेटची जाहिरात आली. तिचा मथितार्थ असा, की गोड खावंसं वाटलं तर गोडाऐवजी आमची सिगारेट उचला. रोख बायकांवर होता, कारण पुरुषांचा बाजार काबीज झाला होता आणि अर्धी लोकसंख्या अजून शिल्लक होती. मिठाईवाले चिडले, तक्रारी झाल्या, पण खप वाढायचा तो वाढलाच. आपल्याकडे २००३ च्या कायद्यानं तंबाखूच्या जाहिराती बंद झाल्या. तरीही कॉलेजातली एखादी मुलगी "वजन आटोक्यात राहतं म्हणून ओढते" असं म्हणते, तेव्हा जवळपास शंभर वर्षांपूर्वीची ती जाहिरात अजून काम करते आहे असंच म्हणायला हवं.

गंमत म्हणजे, सिगारेट ओढणारा बारीक असतो हेही अर्धसत्यच. सारख्याच वजनाच्या दोन माणसांत ओढणाऱ्याची चरबी पोटाभोवती जास्त साठलेली आढळते. हात-पाय काड्या आणि मध्ये टोपलं, असा देह आपल्या ओळखीचा आहे. बारीक अंगात लपलेल्या चरबीबाबत जगाला शहाणं करणारं काम आपल्या पुण्यात झालं. रास्ता पेठेतल्या के. ई. एम. हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एक फोटो छापला. शेजारी शेजारी उभे असलेले दोन सडपातळ डॉक्टर. उंचीच्या मानानं वजन मोजणारा निर्देशांक, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, तो दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! अशा देहाला 'थिन-फॅट इंडियन' हे नाव जगभर मिळालं. वरून बारीक, आतून स्थूल.

म्हणून माझ्या पेशंटना मी सांगतो, काट्यापेक्षा शिंप्याच्या टेपवर भरवसा ठेवा. बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता माप घ्या. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० सेंटिमीटर, ही आपल्यासाठीची मर्यादा. पोट आत ओढून घेतलेलं माप फक्त स्वतःला दाखवायला उपयोगी.

यावर कोणी म्हणेल, "मग डॉक्टर, आम्हा भारतीयांना तर वाढलेले पाच किलो जास्तच महागात पडणार. ओढत राहिलेलंच बरं नाही का?" प्रश्न रास्त आहे. २०१८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या समूहांचा अभ्यास आला. सिगारेट सोडल्यावर ज्यांचं वजन वाढलं, त्यांना मधुमेह होण्याचा धोका काही वर्षं खरोखर वाढलेला दिसला. पाच ते सात वर्षांच्या सुमाराला तो सर्वांत वर जातो आणि मग उतरतो. पण मृत्यूचा धोका मात्र वजन वाढलेल्यांचाही घटला, दहा किलोंहून जास्त वाढलेल्यांचासुद्धा. घरात मधुमेह असेल तर सोडल्यानंतरची काही वर्षं साखर नियमित तपासून घ्या, एवढाच माझ्या लेखी या अभ्यासाचा अर्थ. परत पाकीट घ्या, असा त्याचा अर्थ कुठल्याही वाटेनं निघत नाही.

आता करायचं काय? इथे मी जे सांगणार आहे ते पुष्कळांना उलटं वाटेल. ज्या महिन्यात सिगारेट सोडाल, त्या महिन्यात डाएट सुरू करू नका. आपल्याकडे उत्साह आला की सगळं एकदम करायचं असतं. आषाढी एकादशीला चातुर्मासाचा नेम म्हणून सिगारेट सोडायची, त्याच दिवशी साखर सोडायची, भात सोडायचा आणि पहाटे पर्वती चढायची. आठवड्याभरात चिडचीड इतकी वाढते की घरचेच म्हणतात, बाबा, एखादी ओढ पण शांत बस. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठात वजनाच्या धास्तीनं सिगारेट न सोडणाऱ्या बायकांवर एक प्रयोग झाला, २००१ साली तो प्रसिद्ध झाला. एका गटाला सोडता सोडता वजन आटोक्यात ठेवायला शिकवलं. दुसऱ्या गटाला सांगितलं, डाएट करू नका, थोडं वजन वाढलं तर वाढू द्या, आणि त्या धास्तीवरच काम केलं. सिगारेट जास्त सुटली ती या दुसऱ्या गटाची, आणि वजनही त्यांचंच कमी वाढलं.

तेव्हा आहाराचे सल्ले देणारे दीक्षित की दिवेकर, दिवसातून दोनदा जेवायचं की दर दोन तासांनी, हा महाराष्ट्राचा घरगुती वाद पहिले तीन महिने खुंटीला टांगून ठेवा. नंतर हवा तेवढा घाला.

डाएट नको याचा अर्थ बेबंद खा असा नाही, हे सांगायला लागतं. एकादशी दुप्पट खाशी हा आपला जुना स्वभाव. खरी मेख टपरीवर आहे. हिंजवडीच्या गेटबाहेर असो की एखाद्या पेठेतल्या अमृततुल्यसमोर, तिथे माणूस नुसता धूर घ्यायला जात नाही. दहा मिनिटं खुर्चीवरून उठायला जातो, साहेबाला शिव्या घालायला जातो. सिगारेट सुटली तरी ती दहा मिनिटं हवीच असतात, आणि रिकाम्या हातात मग क्रीमरोल येतो, खारी येते, वडापाव येतो. दिवसातून चारदा. (महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे. टपरीवर लटकणाऱ्या लायटरला ही बातमी कोणी कळवलेली दिसत नाही.) ती दहा मिनिटांची सुट्टी मोडू नका, वाट बदला. इमारतीला दोन फेऱ्या मारा. तलफ एका वेळी काही मिनिटंच टिकते, दोन फेऱ्यांत ती ओसरते. खिशात फुटाणे ठेवा, बडीशेप ठेवा, लवंग ठेवा. डब्यात काकडी, गाजर, मुळा कापून न्या. सुपारी मात्र नको. पानाच्या निमित्तानंही नको, तिच्यानं तोंडाचा कर्करोग होतो. आणि सिगारेटच्या जागी तंबाखूची डबी तर मुळीच नको. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के निघाले आणि तंबाखू चघळणारे, मिश्री लावणारे २४.४ टक्के. धूर सोडून चुन्याकडे वळणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

चहाबद्दल एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा फार वेगानं करत असतं. धूर थांबला की तोच चहा, तीच कॉफी अंगात जास्त वेळ रेंगाळते. मग धडधड होते, झोप लागत नाही, आणि माणूस समजतो ही सिगारेटची तलफ. रात्री झोप नाही म्हणून बारा वाजता फ्रिज उघडला जातो. चहा निम्म्यावर आणा. चहासोबत साखरही निम्मी होते, तो फायदा वेगळा.

जेवणानंतरची सिगारेट सोडायला सर्वांत अवघड, हा सगळ्यांचाच अनुभव. तिच्या जागी आपल्या आजोबांची शतपावली आहे, पण खरीखुरी, मोबाइल घेऊन गॅलरीत उभं राहणं नव्हे. जेवल्यावर पंधरा मिनिटं चाललं तर रक्तातली साखर कमी चढते. सकाळी जमलं तर तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी आहेतच. टेकडी चढताना दम पूर्वीपेक्षा कमी लागतो, हे काही आठवड्यांत स्वतःलाच कळतं.

निकोटिनच्या गोळ्या आणि च्युइंगगम वापरणाऱ्यांचं वजन ते चालू असेपर्यंत थोडं कमी वाढतं. फक्त ते गम नेहमीच्या च्युइंगगमसारखं चघळत बसू नका. थोडं चावायचं, तिखटसर चुणचुण जाणवली की गालात दाबून ठेवायचं, आणि त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी घ्यायची नाही. मदत हवी असेल तर सरकारचा मोफत फोन आहे, तो नंबर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो: १८००-११-२३५६.

आता घरच्यांसाठी दोन शब्द. कौतुक म्हणून शिरा, कौतुक म्हणून बासुंदी, असं करू नका. आणि ताटात दुसरी पोळी घेतली की पोटाकडे बघूही नका. पुलंच्या 'बटाट्याची चाळ'मध्ये उपास करणाऱ्याला सगळी चाळ सल्ले देते; तेवढी चाळ घरात भरवू नका.

शेवटी नेहमीचा प्रश्न, वाढलेलं वजन उतरतं का? काहींचं उतरतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात सिगारेटची आठवण विरळ झाली की आहाराकडे आणि व्यायामाकडे बघायला डोकं मोकळं होतं, आणि त्या वेळी केलेला प्रयत्न टिकतो. काहींचे दोन-तीन किलो कायमचे राहतात. तोपर्यंत जुन्या पँटमध्ये श्वास रोखून बसू नका. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे द्या, कंबरेला दोन बोटं सैल करून देईल. पाकिटाचे वाचलेले पैसे त्याला पुरून उरतील.