रानातल्या मल्लेश्वराची वाट
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मराठी शाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थी नोकरीनिमित्त बंगळुरूला जातो, तेव्हा बहुधा शहराच्या पूर्वेकडे स्थिरावतो. के. आर. पुरम, म्हणजेच कृष्णराजपुरम, हे त्या बाजूचे गजबजलेले ठिकाण. रेल्वेचे जंक्शन, त्यावरचा तारांनी तोललेला पूल, पुलाखालची वाहनांची दाटी आणि पलीकडे व्हाइटफिल्डकडे धावणारे रस्ते, एवढीच या भागाची ओळख बहुतेकांच्या मनात असते. तिथे दहा-दहा वर्षे राहिलेल्या कुटुंबालाही शहराचा इतिहास माहीत नसतो आणि आपल्या भाषेचा त्या इतिहासाशी काही संबंध आहे, हे तर ठाऊकच नसते. घरातली मुले मराठी बोलतात, पण ती अर्धीमुर्धी. कन्नड शाळेत विषय म्हणून येते आणि परीक्षेबरोबर विसरली जाते. अशा मुलांना एका रविवारी सकाळी कुठे न्यावे, या साध्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आजचा विषय: मल्लेश्वरमच्या देवळांच्या वाटेवरची एक पायी फेरी.

जुन्या देवळांच्या वस्तीतून जाणकाराच्या सोबतीने हिंडण्याची रीत जगभर रुजली आहे. जपानमधील क्योतो शहर त्यासाठी विशेष प्रसिद्ध. तिथे ‘तेरामाची’ नावाचा रस्ता आहे. या शब्दाचा अर्थच मुळी देवळांची वस्ती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाने शहराची फेरमांडणी केली, विखुरलेली बौद्ध मंदिरे एका बाजूला आणून बसवली आणि रस्त्याला ते नाव मिळाले. त्याच शहरातील कियोमिझु मंदिराच्या नावाचा अर्थ ‘शुद्ध पाणी’. डोंगरातून येणाऱ्या झऱ्याच्या तीन धारांखाली यात्रेकरू आजही ओंजळ धरतात. तिथला चांगला वाटाड्या माणसांना वीस मंदिरे दाखवीत नाही. तो तीन-चार ठिकाणी थांबतो, नावाचा अर्थ सांगतो, पाणी कुठून येते ते दाखवतो आणि पाहणाऱ्याला गप्प उभे राहू देतो. देवळांचा रस्ता आणि पाण्याचा झरा या दोन्ही गोष्टी मल्लेश्वरमलाही आहेत. त्यांच्या जोडीला एक शिलालेख आहे, आणि मराठी माणसाने ही फेरी करायची ती मुख्यतः त्याच्यासाठी.

के. आर. पुरमहून निघणाऱ्यांची वाट आता सोपी झाली आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये बैयप्पनहळ्ळीपर्यंतचा दुवा जोडला गेल्यापासून मेट्रोची जांभळी मार्गिका थेट मॅजेस्टिकला, म्हणजे नाडप्रभू केंपेगौडा स्थानकात, आणून सोडते. तिथे हिरवी मार्गिका धरली की पुढचेच स्थानक मंत्री स्क्वेअर संपिगे रोड. येथे पायी फेरी सुरू होते. सकाळी लवकर निघावे. दुपारी देवळांची दारे बंद होतात आणि उन्हात मुलांचा उत्साहही मावळतो.

पहिला धडा रस्त्याच्या नावातच आहे. ‘संपिगे’ म्हणजे चाफा. संपिगे आणि चाफा ही दोन्ही एका ‘चंपक’ शब्दाची लेकरे. शेजारच्या मार्गोसा रोडला नाव मिळाले ते कडुलिंबावरून. 1898 च्या प्लेगने जुन्या पेठेतील दाट वस्ती हवालदिल झाली, तेव्हा मोकळ्या हवेच्या नव्या वसाहतींची निकड सर्वांना पटली. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या त्या काळात उभ्या राहिलेल्या वसाहती. सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे ‘क्रॉस’ आणि दुतर्फा झाडे, अशी त्यांची आखणी. मुलांना येथेच आणखी एक शब्द द्यावा. केंपेगौडाने 1537 मध्ये वसवलेल्या जुन्या शहराला कन्नडमध्ये ‘पेटे’ म्हणतात. पुण्याची ‘पेठ’ आणि बंगळुरूची ‘पेटे’ ही भावंडेच. अक्का, अण्णा, तूप यांचीही अशीच गोष्ट आहे. ‘तुप्प’ हा शब्द दुकानाच्या पाटीवर दिसला की मूल हसते, आणि परकी वाटणारी लिपी थोडी जवळ येते.

आठव्या क्रॉसपाशी बाजार लागतो. फुलांच्या राशी, केळीची पाने, भाजीवाल्यांचे पुकारे. येथे रेंगाळायला हरकत नाही. रमतगमत अर्ध्या-पाऊण तासात पंधराव्या क्रॉसच्या आसपास टेंपल स्ट्रीट येतो. काडु मल्लेश्वर, लक्ष्मी नरसिंह, गंगम्मा आणि नंदी तीर्थ ही चार देवळे येथे हाकेच्या अंतरावर आहेत. चारही पाहावीत, पण थांबावे दोन ठिकाणी.

पहिले ठिकाण काडु मल्लेश्वराचे. ‘काडु’ म्हणजे रान. रानातला मल्लेश्वर, म्हणजे मल्लिकार्जुन, म्हणजे शिव. आज चारी बाजूंनी घरे आहेत, तरी नावाने रान जपले आहे. देऊळ उंचवट्यावर, द्रविड शैलीचे. आवारात मोठी झाडे आणि त्यांच्या सावलीत नागांच्या शिळा. संपूर्ण उपनगराला मल्लेश्वरम हे नाव याच देवावरून मिळाले. त्याआधी या गावाचे नाव होते मल्लपुर, आणि ते ज्या लेखात आढळते तो इ. स. 1669 चा शिलालेख याच देवस्थानाचा आहे.

त्या लेखापर्यंत पोहोचण्यापूर्वी वाटाड्याने तीस वर्षांचा इतिहास थोडक्यात सांगावा. 1638 मध्ये विजापूरच्या आदिलशाही फौजेने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली बंगळुरू जिंकले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. शहाजीराजांचा दरबार येथे भरत असे. जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’त त्या दरबाराचे वर्णन आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी हा ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला. अनेक भाषांतील कवी एका छताखाली आपापल्या भाषेत रचना ऐकवीत आहेत, असे चित्र त्यात दिसते. 1664 मध्ये होदिगेरे येथे शहाजीराजांचे निधन झाले. त्यांची समाधी आजही तिथे आहे. त्यांच्यामागे बंगळुरूची व्यवस्था व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांच्याकडे आली. हे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू, पुढे तंजावरच्या भोसले राज्याचे संस्थापक.

या एकोजींनी मल्लपुरच्या मल्लिकार्जुन देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिले, अशी नोंद 1669 च्या शिलालेखात आहे. ‘हळ्ळी’ म्हणजे खेडे, आणि ‘मेदर’ म्हणजे बांबूकाम करणारा समाज, मराठीत बुरूड. एका खेड्याचे उत्पन्न एका देवाच्या पूजेअर्चेला लावून दिले, एवढाच व्यवहार.

येथे वाटाड्याची खरी परीक्षा असते. हे देऊळ शिवाजी महाराजांच्या भावाने बांधले, असे अनेकदा सांगितले जाते आणि मराठी ऐकणाऱ्याची छाती फुगते. परंतु लेख दानाविषयी बोलतो, बांधकामाविषयी नाही. ज्या देवाला गाव दिले, तो देव दानाच्या आधीपासून तिथे होता. मल्लपुर गाव होते, रान होते, पूजा करणारे कन्नड लोक होते. मराठा सरदार आला आणि त्याने त्या पूजेला आधार दिला. हे सांगितल्याने एकोजींचे मोठेपण उणावत नाही. उलट नव्या मुलखात आलेल्या सत्ताधीशाने तेथील देवाला आपला मानले, ही अधिक मोलाची गोष्ट हाती लागते. मुलांना अभिमान द्यायचा तर तो खरा द्यावा. फुगवलेला अभिमान पहिल्या जाणकार माणसाच्या प्रश्नाने फुटतो.

दुसरी गोष्ट भाषेची. दान मराठा राजपुत्राचे, आणि लेख कन्नडमध्ये. असे का, हा प्रश्न मुलांनाच विचारावा. उत्तर ती शोधून काढतात. दानलेख कोणासाठी कोरतात? गावच्या शेतकऱ्यासाठी, हिशेब ठेवणाऱ्यासाठी, पुजाऱ्यासाठी, आणि पुढे येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी, म्हणजे त्याने हे गाव काढून घेऊ नये. या सर्वांना जी भाषा कळते, तीच दगडावर यायला हवी. ज्या भूमीवर व्यवहार, तिथली भाषा.

याच घराण्याचा दुसरा शिलालेख याच्याशेजारी ठेवून पाहावा. एकोजींच्या वंशातील दुसरे सरफोजी राजे यांनी 1803 मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा प्रदीर्घ इतिहास कोरवून घेतला. तमिळ मुलखात, चोळांच्या देवळात, तो लेख मराठीत आहे. घराण्याची आठवण सांगायची होती, म्हणून ती घरच्या भाषेत सांगितली. 1669 चा कन्नड दानलेख आणि 1803 चा मराठी इतिहासलेख यांत विरोध नाही. स्मरण घरच्या भाषेत आणि व्यवहार भूमीच्या भाषेत, असा दोन्ही पाय घट्ट रोवून उभे राहण्याचा हा नमुना आहे. मराठी शाळेने जे दिले ते पहिल्या प्रकारचे धन. बंगळुरूत राहणाऱ्या माजी विद्यार्थ्याने ते मुलांना द्यावेच. पण भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, शेजाऱ्याशी बोलण्याइतके कन्नडही त्यांच्या ओठी रुळू द्यावे. एकाने दुसरे मरत नाही. पंढरीच्या विठ्ठलाला कानडा म्हणून आळवणाऱ्या संतांच्या भाषेला हे निराळे शिकवण्याची गरज पडू नये.

थांबण्याचे दुसरे ठिकाण समोरच्या बाजूस, रस्त्याच्या पातळीखाली आहे: दक्षिणमुख नंदी तीर्थ. गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते मातीखाली गाडलेले होते. मोकळ्या दिसणाऱ्या जागेवर खोदकाम सुरू झाले आणि पायऱ्या, मंडप, कुंड असे सारे हळूहळू वर आले. पायऱ्या उतरून गेले की दक्षिणेकडे तोंड केलेला नंदी दिसतो. त्याच्या मुखातून पाण्याची धार शिवलिंगावर पडते आणि तिथून खालच्या ‘कल्याणी’त जाते. कल्याणी म्हणजे पायऱ्यांचे कुंड. महाराष्ट्रातील पुष्करणीची किंवा बारवेची बहीण. पाण्याचा उगम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून या जागेभोवती अनेक कथा आणि वयाचे अवाजवी आकडे फिरतात. वाटाड्याने त्यांत पडू नये. धारेचा आवाज ऐकायला मुलांना पाच मिनिटे शांत बसवावे. पाण्यावर अवलंबून असलेल्या शहराने पाण्याला देवाजवळ जागा का दिली, हे त्या आवाजातून जितके कळते तितके भाषणातून कळत नाही. पाय दमले नसतील तर जवळच 1882 चा सँकी तलाव आहे. तिथे फेरीचा शेवट करून डबे उघडावेत.

ही फेरी एका सकाळची मौज म्हणून संपू नये, यालाही कारण आहे. बेन्जमिन लुईस राईस यांनी ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या नवव्या खंडात, 1905 मध्ये, बंगळुरू परिसरातील शिलालेखांची नोंद केली. त्यांतील अनेक शिळा आज जागेवर सापडत नाहीत. कोणाच्या पायात गेल्या, कोणाच्या जोत्यात गेल्या, काही रस्त्याखाली गाडल्या गेल्या. के. आर. पुरमहून बाह्य वळण रस्त्याने हेब्बाळला जाता येते. त्या हेब्बाळात 2018 मध्ये नाल्याच्या खोदकामात एक वीरगळ वर आला. किट्टय्या नावाच्या वीराची ती शिळा इ. स. 750 च्या सुमाराची, शहरातील सर्वांत जुन्या कन्नड लेखांपैकी. स्थानिक रहिवासी आणि अभ्यासक यांनी ती उचलली, जपली आणि तिच्यासाठी मंडप उभा राहिला. 1909 पासून काम करणारी मिथिक सोसायटी आता अशा शिळांचे त्रिमितीय चित्रण करून अक्षरे सुरक्षित करीत आहे. इंटॅकच्या बंगळुरू शाखेकडून जाणकारांसोबतच्या वारसा-फेऱ्याही होतात. ज्याला स्वतः वाटाड्या होण्याचा धीर नाही, त्याने आधी त्यांच्यासोबत एकदा चालून पाहावे.

शिळेजवळचे शिष्टाचार थोडे आहेत, पण पाळायला हवेत. अक्षरांवर खडू किंवा पीठ चोळू नये. शिळेवर बसू नये, तिला तेल-कुंकू लावू नये. गाभाऱ्यासमोर माहिती सांगत उभे राहून भाविकांची वाट अडवू नये. बोलायचे ते आवारातील झाडाखाली बोलावे. पुजाऱ्यांशी बोलताना पहिले वाक्य तरी कन्नडमधून असावे. चुकले तरी चालते. समोरचा माणूस हसून दुरुस्त करतो, आणि मुलांच्या लक्षात राहते ते नेमके हेच.

साठ वर्षांपूर्वी ज्यांनी शाळा उभी केली, त्यांनी मुलांच्या हाती वाचण्याची विद्या दिली. पुस्तक वाचता येणे ही तिची पहिली पायरी. वाट, दगड, पाणी आणि परक्या लिपीतली पाटी वाचता येणे ही पुढची. रानातल्या मल्लेश्वराच्या दारात साडेतीन शतकांपूर्वी एका मराठी माणसाचे दान कन्नड अक्षरांत कोरले गेले. ती अक्षरे बोटाने न शिवता, नुसत्या नजरेने, अडखळत का होईना, लावून पाहणारे एक मूल के. आर. पुरमच्या एखाद्या मराठी घरातून तिथवर पोहोचले, तर या शाळेचा एक विद्यार्थी पालक म्हणूनही उत्तीर्ण झाला असे समजावे.