लालसोट की तुंगा? कुलवृत्तांतातील एका स्थळनामाचा शोध



कुलवृत्तांतात एखादा पूर्वज ‘पानिपतावर पडला’ असे वाक्य आले, तर वाचणारा अडत नाही. त्याच जागी ‘लालसोटवर’ हा शब्द आला, की मात्र नकाशा उघडावा लागतो. नकाशात लालसोट सापडते; पण ज्या रणभूमीचा शोध घ्यायचा, ती तेथे नसते.

जुन्या पुस्तकांत लालसोट जयपूर जिल्ह्यात दिसते, नव्यांत दौसा जिल्ह्यात. कारण दौसा जिल्हा 1991 साली जयपूरमधून वेगळा झाला. ही अडचण सोपी. खरी अडचण पुढे आहे. 28 जुलै 1787 रोजी महादजी शिंदे यांच्या फौजेची जयपूरचे प्रतापसिंह आणि जोधपूरचे विजयसिंह यांच्या संयुक्त सैन्याशी जी लढाई झाली, ती लालसोटच्या वायव्येस, तुंगा गावाजवळ. जयपूरच्या पूर्वेस आग्ऱ्याच्या वाटेवर बस्सी हे गाव आहे. तुंगा पूर्वी त्याच्याच तहसिलीत होते. राजस्थानात ही लढाई ‘तुंग्याची’ म्हणूनच ओळखली जाते, मराठी इतिहासग्रंथांत ‘लालसोटची’.

एकाच दिवसाला दोन नावे का मिळाली? जयपूरकरांना ते आपलेच गाव. ज्या शिवारात रण माजले, त्याचे नाव त्यांनी घेतले. मराठ्यांच्या दृष्टीने लालसोट हे मोहिमेचे ठिकाण होते. दक्षिणेतल्या वाड्यात बसून बातमीची वाट पाहणाऱ्याला आसपासची खेडी ठाऊक असण्याचे कारण नव्हते. म्हणून कुळाच्या कागदातले स्थळनाम वाचताना ते कोणी लिहिले आणि कोठे बसून लिहिले, हे आधी विचारावे लागते. मृत्यूची नेमकी जागा ते सांगेलच असे नाही.

त्या दिवशी निर्णायक असे काही घडले नाही. जयपूरला जाऊन मिळालेला मुहंमद बेग हमदानी तोफेच्या गोळ्याने ठार झाला. पण पगार थकलेल्या हिंदुस्थानी पलटणी पुढे महादजींना सोडून गेल्या आणि त्यांना माघार घ्यावी लागली. अशा धामधुमीत पडलेल्या सामान्य शिलेदाराची नोंद कोण ठेवणार? ती घरीच राहिली, तीही कधी कधी कागदाशिवाय. भाद्रपद वद्य चतुर्दशीला शस्त्राने मृत्यू आलेल्यांचे श्राद्ध करतात. ज्या घरात हे श्राद्ध चालत आले आहे, तेथे कोणी पूर्वज रणात पडल्याची शक्यता जरूर तपासावी. मेलेल्या शिपायाच्या मुलाबाळांना सरकारातून ‘बालपरवेशी’ मिळे. त्या कागदात नाव, कारण आणि ठिकाण येण्याचा संभव असतो.

कागद मोडीत असतो, हे निराळे सांगायला नको. मोडीत ऱ्हस्वदीर्घ पाळलेले नसतात, शब्द सलग जोडून लिहिलेले असतात. ‘तुंग’ एवढेच वाचता आले, तर मन सहज मावळातल्या तुंग किल्ल्याकडे किंवा मिरज तालुक्यातल्या तुंगकडे धावते. बस्सीचे तर काय सांगावे! ‘वस्ती’च्या कुळातला हा शब्द; चितोडजवळ एक बस्सी आहे आणि पंजाबात बस्सी पठाणा आहे. नुसत्या उच्चारसाम्यावर पूर्वजाला पंजाबात नेऊन बसवणारा उत्साही संशोधक कुलवृत्तांताचे नुकसानच करतो.

यावर उपाय एकच आहे: गाव शोधण्याआधी साल शोधावे. पेशवाईतल्या पत्रांवर पुष्कळदा महिना आणि ‘छ’ने दाखविलेला चंद्र एवढेच असते, साल आढळले, तर अरबी शब्दांत. ‘समान समानीन मया व अलफ’ म्हणजे आठ, ऐंशी, शंभर आणि हजार, अर्थात शुहूर सन 1188. त्यात 599 मिळवले की 1787 येते. नव्या इंग्रजी वर्षात, जानेवारीपासून, 600 मिळवावे लागतात. हा सन मृग नक्षत्राला बदलतो. त्यामुळे जुलैतली लढाई या सनाच्या आरंभीच पडते. कागदावर हा सन, शिंद्यांच्या फौजेचा उल्लेख आणि ‘लालसोट’ ही तिन्ही एकत्र आली, तर मावळ, मिरज आणि पंजाब आपोआप गळतात, आणि बोट बस्सीकडच्या तुंग्याच्या शिवारापाशी येऊन थांबते. त्या शिवारात कोणत्या बाजूला कोणाचे पथक उभे होते, हा पुढचा शोध. त्यासाठी पुण्याच्या पेशवे दप्तराचे रुमाल सोडावे लागतील.