सात स्टेडियांचा बांध



इ. स. पूर्व ३३१ मध्ये अलेक्झांडरने ईजिप्तच्या किनाऱ्यावर अलेक्झांड्रिया नगर वसविले. समोर फेरॉस बेट होते. पुढे टॉलेमी राजांच्या अमदानीत किनाऱ्यापासून त्या बेटापर्यंत समुद्रात बांध घातला गेला. लांबी सात स्टेडिया, म्हणजे सुमारे सव्वा किलोमीटर. म्हणून त्याचे नाव ‘हेप्टास्टेडियन’. त्याच्या दोन्ही अंगांस दोन बंदरे झाली, आणि बेटावर गोडे पाणीही त्यावरूनच जाऊ लागले.

परंतु बांधणाऱ्यांचे खरे शहाणपण आम्हांस निराळेच वाटते. बांधात त्यांनी दोन ठिकाणी वाटा ठेवून वर पूल घातले. त्यांतून गलबते एका बंदरातून दुसऱ्यात जात. शतकानुशतके गाळ साचला, वाटा बुजल्या, बांधाची जमीन झाली. आज तेथे वस्ती आहे.

आपले मंडळ हाही गावची व शहरातली घरे जोडणारा बांधच होय. तो भक्कम असावा. पण मुलामुलींच्या शिक्षणाच्या, धाडसाच्या वाटा आपण त्यात मोकळ्या ठेवल्या आहेत काय? गाळ कोणी मुद्दाम टाकीत नाही, तो आपोआप साचतो. तो वेळीच उपसणे, हे आम्हां वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे.