सांध्यांचे नवे उपचार : लाभ आणि धोका

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



गुडघेदुखीची तक्रार नाही असे घर आज विरळाच. सामायिकासाठी मांडी घालता येत नाही, मंदिराच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून अनेक जण शस्त्रक्रियेचा विचार करतात. अशा वेळी 'हे अगदी नवे तंत्र आहे' असे शब्द कानी पडले की आशा पालवते. परंतु नवे ते अधिक चांगलेच, असे गृहीत धरावे काय?

प्रथम लाभाची बाजू पाहू. इंग्लंडमधील सर जॉन चार्नली यांनी खुब्याच्या सांधेरोपणासाठी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. आरंभी ती उत्तम वाटली. पण काही वर्षांतच झिजली व रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. १९६२ मध्ये त्यांनी पॉलिथिलिनची वाटी स्वीकारली आणि ती काळाच्या कसोटीस उतरली. अशा प्रदीर्घ पारखीचे फळ मोठे आहे. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, संपूर्ण सांधेरोपण केलेल्या १०० गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षे टिकतात.

आता दुसरी बाजू. डिप्यू कंपनीच्या 'एएसआर' या खुब्याच्या सांध्यात गोळा व वाटी दोन्ही धातूचे होते. झीज कमी होईल, ही अपेक्षा. प्रत्यक्षात घर्षणाने कोबाल्ट व क्रोमियमचे कण सुटून भोवतालच्या ऊतींना इजा करू लागले. ऑस्ट्रेलियात प्रत्येक सांधेरोपणाची राष्ट्रीय नोंद ठेवली जात असल्याने तेथे धोका लवकर ध्यानी आला. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने हा सांधा जगभरातून मागे घेतला. पाच वर्षांच्या आत १०० पैकी १२ ते १३ रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागत होती. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसविले गेले होते. त्यांपैकी बहुतेक रुग्णांचा पुढे ठावठिकाणाही लागला नाही.

म्हणून माझी पहिली विनंती : शस्त्रक्रियेनंतर बसविलेल्या सांध्याचे नाव व क्रमांक असलेली चिठ्ठी आणि शस्त्रक्रियेचा अहवाल घरी जपून ठेवावा.

दुसरी विनंती, निःसंकोच प्रश्न विचारावेत. हा सांधा किती वर्षे वापरात आहे? किती टिकल्याची नोंद आहे? रोबोटच्या साहाय्याने हाडाचा छेद अधिक अचूक होतो हे खरे. परंतु त्यामुळे सांधा अधिक वर्षे टिकतो, हे अद्याप निःसंशय सिद्ध झालेले नाही. शिवाय ज्या मांडीसाठी आपण शस्त्रक्रियेस तयार होतो, ती मांडी घालणे नंतर बहुधा टाळण्यास सांगितले जाते. हेही आधीच समजून घ्यावे.

गुडघ्यात देण्यात येणाऱ्या हायलुरॉनिक आम्लाच्या इंजेक्शनांविषयीही सांगावेसे वाटते. त्यांतील काही कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनतात, तर काही जिवाणूंच्या किण्वनातून. आपल्या आचाराच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. तो विचारण्याचा आपणास पूर्ण अधिकार आहे. अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०२१ मध्ये या इंजेक्शनांच्या सरसकट वापराची शिफारस केलेली नाही, हेही ध्यानी असावे.

गुडघेरोपण ही बहुधा तातडीची शस्त्रक्रिया नसते. वजन घटविणे, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, दुसऱ्या डॉक्टरांचे मत यांसाठी अवधी असतो. तो अवधी अवश्य घ्यावा. भीतीपोटी वेदना सोसत राहू नये आणि नावीन्याला भुलून घाईही करू नये. विवेकाने निर्णय घ्यावा, हीच प्रार्थना.