रोप लावण्याआधी मूळ बघा



आज बोलू या कॉफीच्या रोपांबद्दल. कॉफी म्हटली की कर्नाटकातलं कोडगू आणि चिकमगळूर आठवतं. पण आपल्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्यालाही इंग्रजांच्या काळापासून कॉफी आहे. सुमारे ११०० मीटर उंची, थंड हवा आणि मोठ्या झाडांची सावली, म्हणून ती तिथे जगते. सपाटीवरच्या उघड्या, तापणाऱ्या रानात ती लावू नका.

कॉफीला पहिलं फळ तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतं. तोवर खत, निंदणी, पाणी सगळं आपल्याच हातांनी होतं. आणि नेमकं फळ धरायच्या वेळी झाड पिवळं पडून वाळलं, तर तेवढ्या वर्षांचे कष्ट मातीत जातात. अशा वेळी दोष बरेचदा मुळात असतो. गादीवाफ्यावरचं कोवळं रोप पिशवीत लावताना घाईने बोटाने दाबलं, की सोटमूळ गळासारखं वाकतं. वरून पानं हिरवीगार दिसतात, पण मूळ खोल जात नाही.

म्हणून गटाने रोपं घेताना आधी एक-दोन रोपांची माती बादलीतल्या पाण्यात सोडवून बघा. सोटमूळ सरळ हवं. वरच वाकलेलं दिसलं, तर ती खेप घेऊ नका. स्वस्त मिळाली तरी नको.

आता लागवड. उन्हाळी वळवाच्या एक-दोन सरी पडल्या की दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे घ्या. अरेबिकासाठी ६ ते ७ फूट अंतर, रोबस्टासाठी १० फूट. खड्डे काही दिवस उन्हात तापू द्या. मग वरची काळी माती आणि कुजलेलं शेणखत मिसळून भरा. ताजं शेण घालू नका.

जूनमध्ये पाऊस चांगला लागला की वाफसा बघून लावा. फार झोडपणारा पाऊस असेल, तर सप्टेंबरमध्ये लावलेलं बरं. पिशवीचा तळ धारदार पात्याने बोटभर कापा, म्हणजे तळाशी गुंडाळलेली मुळंही निघतील. मग पिशवी उभी चिरून पूर्ण काढा. मातीचा गोळा फुटू देऊ नका. रोप पिशवीत होतं तेवढंच खोल ठेवा. माती पायाने दाबा आणि बुंध्याशी थोडा उंचवटा करा, पाणी साचायला नको. वाऱ्याने रोप हलू नये म्हणून दोन काठ्या तिरप्या रोवून सैल बांधा. बुंध्याभोवती पालापाचोळा पसरा, पण खोडाला टेकवू नका.

सावली विसरू नका. पांगाऱ्याच्या जातीची झाडं, सिल्व्हर ओक आधीच लावा. पहिल्या उन्हाळ्यात रोपावर डहाळ्यांचा आडोसा करा. उघड्यावरच्या अरेबिकाला खोडकिडा जास्त लागतो.

मैत्रिणींनो, पिशव्या भरणारे आणि रोपं लावणारे हात बहुतेक बायकांचेच असतात. मग कोणतं रोप लावायचं आणि कोणतं परत करायचं, हे ठरवतानाही आपण तिथे असायला हवं. आंबा, फणस, काजू लावतानाही तळाची गुंडाळलेली मुळं बघायचीच. येत्या बैठकीत एक रोप आणि एक बादली पाणी घेऊन बसा, आणि सगळ्याजणी मिळून मूळ बघा.